कागदाएवढा उजेड

लोक विचारतात, तुम्ही आयुष्यभर केलंत काय? मी सांगतो, एक बटण डावीकडे फिरवलं. हा विनय नाही. पुण्यात पंधरा-वीस वर्षं मी कॉम्प्युटरचे मॉनिटर दुरुस्त केले आणि त्यातल्या निम्म्याअधिक वेळा मॉनिटरला काहीही झालेलं नव्हतं. उजेडाचं बटण शेवटपर्यंत उजवीकडे पिळलेलं असायचं. मी ते डावीकडे आणायचो, टेबल थोडं सरकवायचो आणि 'झालं' म्हणायचो. त्यावर गिऱ्हाईक म्हणायचं, "एवढंच?" पुण्यात 'एवढंच?' हा प्रश्न नसतो, आरोप असतो.

मी मूळचा वर्ध्याकडचा. टीव्ही दुरुस्तीचा कोर्स करून पुण्यात आलो आणि नारायण पेठेत एका जिन्याखाली दुकान थाटलं. एक टेबल, एक स्टूल, आणि मान खाली घालून काम करायची सवय, कारण वर जिना होता. नव्वदच्या दशकात पेठांमध्ये कॉम्प्युटर शिरला. छापखान्यांतले शिशाचे खिळे भंगारात निघाले आणि त्यांच्या जागी पोटमाळ्यांवर, माजघरांत, गॅरेजांत डीटीपीची केंद्रं उगवली. पुस्तकं, लग्नपत्रिका, क्लासच्या नोट्स, सगळं आता पडद्यावर जुळवलं जाऊ लागलं. टीव्हीवाल्याला मॉनिटर अवघड नव्हता, आत तीच काचेची पिक्चर ट्यूब. मी पाटीवर 'टीव्ही'पुढे 'व मॉनिटर' एवढं वाढवून घेतलं. पेंटरने 'नि' दीर्घ काढली. पहिल्या दिवशी तीन सभ्य गृहस्थ थांबून ती चूक सांगून गेले, मॉनिटर मात्र एकानेही आणला नाही.

हळूहळू आणू लागले, आणि मला कळलं की लोकांना उजेडाचा हव्यास असतो. बटण फिरतंय ना, मग पूर्ण फिरवायचं. सदाशिव पेठेतल्या एका गृहस्थांना मी म्हटलं, जरा कमी ठेवा, डोळ्यांना बरं पडेल. ते म्हणाले, अर्धाच उजेड वापरायचा होता तर अर्ध्या उजेडाचा मॉनिटर मिळतो का ते आधी पाहिलं असतं.

दुसरे एक होते, त्यांचा पडदा दर दोन महिन्यांनी 'म्हातारा व्हायचा'. ते बटण वाढवत वाढवत टोकाला पोचले होते. मी जाऊन पाहिलं तर देवाचा कोनाडा बरोबर मॉनिटरच्या वर. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात तशी त्यांनी मॉनिटरची पूजा केली होती, आणि वर्षभर रोज उदबत्ती दाखवत होते. त्या जुन्या पडद्यांच्या काचेवर वीज साठायची. हात जवळ नेला की अंगावरची लव उभी राहायची. ती वीज उदबत्तीचा सगळा धूर ओढून घेई. मी ओल्या फडक्याने काच पुसली, फडकं काळं झालं आणि मॉनिटर तरुण झाला. ते म्हणाले, एवढंच? मी म्हटलं, एवढंच, आणि देव तरी हलवा नाहीतर कॉम्प्युटर. त्यांनी बराच विचार करून कॉम्प्युटर हलवला.

अशा गमतीजमतीत माझं बरं चाललं होतं, पण खरं सांगायचं तर तोवर मलाही उजेडातलं फारसं कळत नव्हतं. भरपूर उजेड देतो तो मॉनिटर चांगला, अशीच माझी समजूत होती. ती समजूत एका अनुस्वाराने घालवली.

आमच्याच पेठेत लिमयेकाकांचं डीटीपी केंद्र होतं. काका पोस्टातून निवृत्त झालेले. हाताखाली एकच ऑपरेटर, शोभाताई. वय चाळिशीच्या आतबाहेर, दोन मुली, यजमानांचा चिंचवडचा कारखाना बंद पडलेला. ते घर शोभाताईंच्या दहा बोटांवर चाललं होतं, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. आधी त्या छापखान्यात खिळे जुळवायच्या. खिळे गेले तेव्हा त्यांच्याबरोबरच्या बायका घरी बसल्या, या मात्र जिद्दीने की-बोर्ड शिकल्या. मराठी त्यांच्याइतक्या वेगाने टाइप करणारं माणूस मी तरी पाहिलं नाही.

काकांनी नवा मोठा मॉनिटर आणला. एका दुपारी खिडकी उघडी असताना त्यांनी उजेडाचं बटण पार उजवीकडे नेलं, चित्र झकास दिसतंय म्हणाले आणि कोणी त्याच्याशी खेळू नये म्हणून बटणावर लाखेचं सील ठोकलं. रजिस्टर पार्सलवर ठोकतात तसं. पोस्टातला माणूस, हाताला सवय असते.

त्यानंतर शोभाताईंच्या टाइपसेटिंगमधून अनुस्वार गळायला लागले. 'आनंद'चा 'आनद', 'तोंड'चं 'तोड'. मराठीत तो एक ठिपका, पण त्याच्या असण्या-नसण्यावर माणसाचं तोंड राहतं किंवा जातं. मुद्रितं तपासायला भालेराव सर होते, मराठीचे निवृत्त शिक्षक. गळालेल्या प्रत्येक अनुस्वाराच्या जागी ते लाल वर्तुळ काढत. त्यांच्या हातून आलेलं पान गोवर आल्यासारखं दिसू लागलं.

पण लग्नपत्रिका सरांकडे जात नसत. चार ओळींचं काय तपासायचं, असं काकांचं म्हणणं. त्यामुळे एका पत्रिकेत मुलीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' ऐवजी 'चि. सौ. का.' छापून गेलं. पाचशे पत्रिका. मुलीचे वडील केंद्रात आले. आवाज अजिबात चढवला नाही. फक्त म्हणाले, "मुलगी आमची. लग्न ठरवलं आम्ही. 'चि. सौ. का' असा प्रश्न आपल्याला का पडावा?"

शोभाताईंनी सगळे गठ्ठे घरी नेले. रविवारभर त्या आणि दोघी मुली काळ्या पेनाने पाचशे अनुस्वार देत बसल्या होत्या. ते त्यांनी मला नंतर हसत हसत सांगितलं, तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं. डोकं रोज ठणकत होतं, डोळ्यांना पाणी येत होतं, वर्षात चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता. आपली दृष्टी जाते आहे, हे त्यांनी मनाशी धरलं होतं आणि घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यातच काकांना एका दिवाळी अंकाचं काम मिळालं. दोनशे पानं, असं मोठं काम पहिल्यांदाच. पहिल्या आठ पानांना गोवर आला. काका कडक होते, पण अन्याय करणारे नव्हते. ते म्हणाले, आधी मॉनिटर तपासून घेऊ. मॉनिटरमध्ये दोष निघाला तर मॉनिटर बदलू, नाही निघाला तर... पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. शोभाताईंना ते पूर्ण ऐकू आलं.

तपासायला मला बोलावलं. मी गेलो संध्याकाळी, दुकान आवरून. ट्यूबलाइट लागली होती. मी मागचं झाकण उघडलं, व्होल्टेज पाहिलं, रेघा सरळ येतात का पाहिलं, कोपरे पाहिले. पडद्याचा झगझगीत उजेड पाहून तर मी खूशच झालो. शोभाताई बाजूला पदराशी चाळा करत उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, नीट बघितलंत ना? मी छाती फुगवून म्हटलं, "ताई, याच्यापेक्षा ठणठणीत पडदा अख्ख्या पेठेत नाही."

"मग माझेच डोळे," त्या म्हणाल्या, आणि डब्याची पिशवी उचलून जिना उतरून गेल्या.

मी काय करून बसलो ते मला त्या क्षणी कळलंसुद्धा नाही. मी खुशाल शीळ वाजवत घरी गेलो. आजही ते आठवलं की स्वतःचा राग येतो. डॉक्टर चुकला तर निदान त्याला पेशंटचा चेहरा दिसतो, मी शोभाताईंकडे पाठ करून मॉनिटरचं खोकं तपासत होतो.

वाचलो ते माझ्या विसराळूपणामुळे. टेस्टर तिथेच राहिला होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आणायला गेलो. शोभाताई काम करत होत्या, महिनाअखेरपर्यंत काकांनी मुदत दिली होती. दारातून जे दिसलं ते बघून मी तिथेच थबकलो. त्या एका हाताने टाइप करत होत्या आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर फाइल धरली होती, उन्हात छत्री धरावी तशी. खिडकी बरोबर त्यांच्या पाठीमागे. खिडकीसमोरच्या घराच्या गॅलरीत कोणाची तरी धोतरं वाळत घातलेली, आणि ती सगळी धोतरं मॉनिटरच्या काचेत दिसत होती. मी जवळ जाऊन पडद्यात पाहिलं. अक्षरं आणि धोतरं एकावर एक.

मी विचारलं, ताई, अशा परिस्थितीत तुम्हाला अनुस्वार दिसतो तरी कसा? त्या म्हणाल्या, वारा सुटला की धोतर बाजूला होतं, तेवढ्यात बघून घेते.

इथे धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांसाठी सांगायला हवी. त्या जुन्या पडद्यांवर पांढऱ्या भागाचा उजेड फार वाढवला की तो फुगायचा, कडेच्या काळ्यावर चढायचा. काना, मात्रा, वेलांटी जाडजूड असतात, त्या तग धरत. अनुस्वार म्हणजे एक टिंब, त्याला पांढरं गिळून टाकी, मग तो टाइप झालाय की राहिलाय हे कळणार कसं? वर खिडकीचं प्रतिबिंब. त्यातून शोभाताई ज्यावरून टाइप करत ते हस्तलिखित टेबलावर, त्यांच्याच सावलीत. टळटळीत उन्हातून एकदम स्वयंपाकघरात आलं की घडीभर काही दिसत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे. त्यांचे डोळे दिवसातून हजार वेळा उन्हातून स्वयंपाकघरात जात होते आणि परत येत होते. डोकं दुखेल नाहीतर काय? संध्याकाळी मी मॉनिटर तपासला होता. दुपारची खोली तपासायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी लिमयेकाकांना हाक मारली आणि म्हटलं, काल मी चुकलो, हे सील फोडावं लागेल. काका म्हणाले, तुम्हीच काल ठणठणीत म्हणालात. मी म्हटलं, हो, मॉनिटर ठणठणीत आहे, बसायची जागा आजारी आहे. काका सीलकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात वर ज्याचा पत्ता लिहिलाय त्या माणसाखेरीज कोणाला सील फोडू दिलं नव्हतं त्यांनी. शेवटी म्हणाले, फोडा, पण माझ्यासमोर.

आधी आम्ही तिघांनी मिळून टेबल फिरवलं. खिडकी पाठीशी होती ती डाव्या हाताला आणली. धोतरं गेली. मग मी लाख फोडली आणि बटण डावीकडे घेऊ लागलो. पण कुठवर आणायचं? आदल्या संध्याकाळी मी माझ्या ज्या डोळ्यांवर विश्वास ठेवला त्यांनी मला तोंडघशी पाडलं होतं. काहीतरी माप हवं होतं. टेबलावर त्या बिघडलेल्या पत्रिकांपैकी एक उरली होती. ती उलटी केली, मागची बाजू कोरी पांढरी. ती पडद्याला लावून धरली. पत्रिकेशेजारी पडदा दिव्यासारखा पेटलेला दिसत होता. मी बटण उतरवत गेलो. एका ठिकाणी पत्रिका आणि पडदा अगदी एकसारखे पांढरे झाले, जणू कागदाशेजारी कागद. तिथे थांबलो.

शोभाताई पुढे वाकल्या. मग बोटाने पडद्यावर एकेक टिंब दाखवत गेल्या, एक, दोन, तीन, लहान मूल चांदण्या मोजतं तसं.

काका म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण एक पान करून दाखवा. भालेराव सर बघतील. शोभाताईंनी पदर खोचला आणि दिवाळी अंकातल्या एका कथेचं पान घेतलं. मी टेस्टर खिशात घालून निघून जाऊ शकलो असतो, पण पाय निघेना. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिलो. आत की-बोर्ड वाजत होता.

सर आले. त्यांनी लाल पेन काढलं, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. ते वाचताना ओठ हलवायचे, त्यामुळे ते कुठे पोचलेत ते आम्हाला कळत होतं. पान संपेपर्यंत पेन एकदाच खाली टेकलं. एकच लाल वर्तुळ. शोभाताईंचा चेहरा उतरला.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "अनुस्वार एकही गळालेला नाही," ते म्हणाले. "एक जास्त आहे. पण तो लेखकाचा आहे, बाईंनी इमानाने ठेवला आहे."

काकांनी पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "मग उद्यापासून पुढची सोळा पानं घ्या." पुण्यात यापेक्षा मोठी शाबासकी मी तरी ऐकलेली नाही. शोभाताई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या म्हणाल्या, हे उजेडाचं नाही हं. मला इतका आनंद झाला होता की मी पुन्हा टेस्टर तिथेच विसरून आलो.

ती पत्रिका पुढे कित्येक वर्षं त्या मॉनिटरशेजारी टाचलेली होती, कोरी बाजू वर. काकांनी लाखेच्या जागी चिठ्ठी चिकटवली, 'सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर कागदाशी ताडून फिरवावे', म्हणजे दिवसातून तीन वेळा, औषधासारखं. आणि मी? मी त्या दिवसापासून कोणाच्याही घरी जाताना खिशात एक कोरं कार्ड ठेवू लागलो. आधी खिडकी बघायची, मग टेबल, मग कार्ड, आणि सगळ्यात शेवटी मॉनिटर. गिऱ्हाईक दुपारी काम करत असेल तर मी दुपारीच जाणार, संध्याकाळी बोलावलं तर येणार नाही. लोक म्हणत, वानखडे फार भाव खातो. खायचोच.

पुढे शहराच्या कडेला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आयटी आलं. एका कंपनीने मला बोलावलं, शंभर मॉनिटर आणि सगळ्यांची डोकी दुखतायत. जाऊन बघतो तर पोरांनी उजेड नको म्हणून डोक्यावरच्या ट्यूब काढून ठेवलेल्या. अंधाऱ्या गुहेत शंभर पांढरे चौकोन, टोकापर्यंत पेटवलेले. त्यांचा मॅनेजर म्हणाला, अंकल, इश्यू हार्डवेअरचा आहे का सॉफ्टवेअरचा? मी म्हटलं, अंधाराचा. ट्यूब परत बसवायला लावल्या आणि कार्ड घेऊन टेबलाटेबलावरून फिरलो. एक मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी म्हटलं, काहून एवढा उजेड ठेवतेस गं? ती उडालीच. म्हणाली, काका, तुम्ही वर्ध्याचे का? मी आर्वीची. मग तिथेच, त्या शंभर चौकोनांमध्ये, आम्ही दोघं आमच्याकडच्या उन्हाबद्दल बोलत बसलो. उजेड कमी कसा करावा ते विदर्भातल्या माणसाला शिकवायला लागत नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

काचेच्या ट्यूब गेल्या, सपाट पडदे आले आणि माझा धंदा संपला. आता मोबाइल स्वतःच खोलीतला उजेड ओळखतो आणि पडदा कमी-जास्त करतो. मी आयुष्यभर केलं ते काम तो फुकट करतो, 'एवढंच?' म्हणायलाही कोणी उरलेलं नाही. थोडं वाईट वाटतं. पण एक गोष्ट त्या यंत्राला अजून जमलेली नाही. त्याला उठून टेबल फिरवता येत नाही.

पुढचा मजकूर मी नंतर जोडला आहे. हा लेख मी घरी, नातवाच्या लॅपटॉपवर, स्वतः टाइप करून या अंकाकडे पाठवला. चार दिवसांनी मुद्रितं तपासून परत आली. भालेराव सरांनंतर त्यांचं लाल पेन शोभाताईंकडे आलं आहे, हे मला माहीत होतं. त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत, पण या अंकाची सगळी पानं त्याच तपासतात, हे मात्र माहीत नव्हतं. माझ्या पानांना गोवर आला होता. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती.

"वानखडेभाऊ, सात अनुस्वार गळाले. टेबल फिरवा."

मी मान वर करून पाहिलं. समोर लॅपटॉप, आणि माझ्या पाठीमागे, सताड उघडी, उन्हाने भरलेली गॅलरी. पडद्यात सूनबाईंनी वाळत घातलेली चादर हलत होती. मी उठलो आणि टेबल फिरवलं.